मागच्या दृश्यात असं नव्हतं

धारूरकर सरांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काल काम मागायला आलास तेव्हा भांग डावीकडे होता. आज उजवीकडे आहे. काय ते एक ठरव."

मी उभ्या उभ्या बोटांनी केस फिरवले. तेव्हापासून आजतागायत माझा भांग डावीकडेच आहे. आता पाडण्यासारखं फारसं उरलेलं नाही, तरी जे आहे ते डावीकडे.

ही गोष्ट हैदराबादेतल्या विद्यानगरची. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवायला लागल्या होत्या, परदेशी चॅनेलं घरात आली होती आणि त्यांच्या मागोमाग परदेशी कामही आलं होतं. आमच्या मालकांनी अमेरिकेतल्या एका कार्टून मालिकेचं रंगकाम मिळवलं होतं. मालिका लहान मुलांची नव्हे, मोठ्यांची. बाथटब विकणारा एक जाडा बाप, त्याला वैतागलेली बायको, दोन कार्टी आणि दर भागात नवा घोळ. चित्रं तिकडून पेन्सिलीनं काढलेली यायची. आम्ही ती रंगवायची, कॅमेऱ्याखाली एकेक धरायची आणि फिल्म तिकडे पाठवायची. तिकडे लोक पोट धरून हसायचे म्हणे. आमच्याकडे कुणी हसत नसे, कारण नेमकं कुठे हसायचं ते आम्हाला माहीत नव्हतं.

मी नांदेडकडचा. शाळा नववीत सोडली. काही दिवस ट्रकच्या मागे मोर आणि कमळं काढली, मग मामाच्या ओळखीनं इथं आलो. अंबरपेठेत तिघांत एक खोली आणि स्टुडिओत सगळ्यांच्या तोंडी इंग्रजी. कुणीतरी शिक्षण विचारील या धास्तीनं मी जिन्यात माणूस दिसला की खाली वाकून बुटाची नाडी बांधायचो. पायात चप्पल असली तरी बांधायचो.

शेवटी एकदा न राहवून मी सरांना स्वतःच सांगून टाकलं, "सर, मी नववीपर्यंतच..."

"ते मागच्या भागात," सर म्हणाले. "या भागात तुझ्या हातात ब्रश आहे. जोड बसते. पुढे चल मिलिंदा."

'जोड' हा सरांचा शब्द. एका चित्रात कप डाव्या हातात असेल तर पुढच्या चित्रात तो उजव्या हातात जाता कामा नये. गेलाच, तर जाताना दिसला पाहिजे. ही झाली जोड. ती तपासणं हेच सरांचं काम. त्याआधी ते एका शाळेत चित्रकला शिकवायचे. तिथले मराठीचे वर्ग मुलांअभावी बंद पडले आणि सर इकडे आले. इंग्रजीत या कामाला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं, पण ते म्हणत नसत.

अडचण एवढीच होती की संध्याकाळी कामावरून सुटले तरी सर जोडीतून सुटत नसत. इराण्याकडे दुसरा चहा वेगळ्या बशीत आला की परत जायचा. "चाय तो वहीच है ना सर," पोऱ्या कळवळून म्हणायचा. "चहा तोच आहे," सर म्हणायचे, "मागच्या दृश्यात बशीला निळा काठ होता." मालकांनी मिशी काढली त्या दिवशी सर त्यांच्या केबिनीत जाऊन शांतपणे म्हणाले, "कारण काही दाखवलं नाहीत." मालकांना वाटलं, सर पगाराबद्दल बोलतायत. ते आठवडाभर सरांना टाळत होते.

आमचे कॅमेरामन खाजाभाई आपल्या स्कूटरच्या अपघाताची गोष्ट फार रंगवून सांगत. एकदा सांगताना ते ट्रकवर आदळले, तसा सरांनी हात वर केला.

"मागच्या वेळी म्हैस होती."

खाजाभाईंनी विडी विझवली, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "सर, वो भैंस ट्रक में थी ना."

सरांनीही क्षणभर विचार केला. "मग जोड बसते," ते म्हणाले आणि कामाला लागले.

मालिकेतले विनोद हे दुसरं दुखणं. तिकडच्या कुठल्या गायकाची नक्कल, कुठल्या जाहिरातीची चेष्टा, कुठल्या जुन्या सिनेमाचा टोमणा असं सारखं चालायचं. एकदा एक टक्कलवाला चेहरा आला. निम्मा स्टुडिओ म्हणाला हा त्यांचा जुना राष्ट्राध्यक्ष, निम्मा म्हणाला हा शाम्पूच्या जाहिरातीतला. टक्कलवाला शाम्पू कशाला विकेल, यावर जेवणाच्या सुट्टीत हातघाई व्हायची वेळ आली. सर म्हणाले, "कुणी का असेना. तीळ दोन्ही चित्रांत एकाच गालावर पाहिजे." एका भागात त्यांच्या सणाचं जेवण होतं. टेबलावर अख्खा भाजलेला पक्षी. खाजाभाईंचा सल्ला होता, लाल मारो, तंदुरी दिखेगी. सरांनी चित्र दूर धरून पाहिलं. "ही कोंबडी नव्हे. कोंबडीची थोरली जाऊ आहे. मान ठेवा. बदामी रंगवा."

दर रविवारी मी चिक्कडपल्लीला सरांकडे जेवायला असायचो. हे कधी ठरलं ते मला आठवत नाही. पहिल्यांदा त्यांनी बोलावलं आणि दुसऱ्या रविवारी मी गेलो नाही, तर सोमवारी म्हणाले, "काल ताट मांडलं होतं. जोड चुकली." त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही. घरची पोळी मिळायची, आणि 'आईचं पत्र आलं का रे' असं विचारणारं माणूस मिळायचं. काकूंच्या हातच्या वरणाला चिंचेचा आंबटपणा असायचा, इथल्या तेलुगू डाळीसारखा, पप्पूसारखा. काकूंचं म्हणणं ते मराठी वरणच आहे. यावर सर काही बोलत नसत. काकूंच्या बाबतीत ते एवढं एकच सोडून द्यायचे.

एका रविवारी सर खाली दही आणायला गेले, तेव्हा काकूंनी मेधाची गोष्ट सांगितली. मेधा त्यांची एकुलती एक मुलगी, अमेरिकेत असते.

"साखरपुड्यात यांनी काय केलं सांगू?" काकू म्हणाल्या. "मुलगा आधी बघायला आला तेव्हा म्हणाला होता, बहीण धाकटी आहे, शिकतेय. साखरपुड्याला म्हणाला, बहीण थोरली आहे, तिचे मिस्टर येतीलच. हे भर मंडळींत उठून उभे राहिले. म्हणे, मागच्या दृश्यात बहीण धाकटी होती."

"मग?"

"मग काय! मेधा म्हणाली, बाबा, बहिणी दोन आहेत. तरी हे गप्प बसावेत की नाही? म्हणाले, मग दोघी एकदम दाखवायला हव्या होत्या. मुलाकडची मंडळी पानावरून उठली रे. कसंबसं लग्न झालं. पोर जाताना माझ्या गळ्यात पडून रडली, यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून बोलणं बंद. फोन करते ते हे कामावर असताना. रविवारी कधी नाही. हे कुठलं कार्टून करतात ते मीच तिला सांगितलं."

जिन्यात सरांची पावलं वाजली तशा काकू घाईनं पुढे म्हणाल्या, "आणि लहानपणी दोघांचं काय जमायचं! शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसून चुका काढायची दोघं. आणि दारात चप्पल उलटी दिसली की मेधा जेवणावरून उठून सरळ करायला धावायची. घरात भांडण होईल म्हणायची."

आमच्या घरी असलं काही मानत नसत. वडील भडकायचे. पण वडिलांची पाठ वळली की आईसुद्धा उलटी पडलेली चप्पल पायाच्या बोटानं हळूच सरळ करायची. सवय ती सवय.

म्हणूनच काही दिवसांनी मालिकेतल्या घराची ओसरी माझ्याकडे रंगवायला आली, तेव्हा मला ती आधी दिसली. कोट अडकवायच्या खुंटीखाली रबरी चपलांचा जोड होता आणि त्यातली उजवी चप्पल उलटी. तळवा वर. तिच्यापुरत्या पेन्सिलीच्या रेघा खोडून नव्यानं ओढलेल्या. पुढच्याच दृश्यात तीच ओसरी, आणि चप्पल सरळ. मी चित्र घेऊन पळत सरांकडे गेलो. अशी चूक अमेरिकेत पोचली तर आधी माझी नोकरी जाणार, याबद्दल मला शंका नव्हती.

"सर, ही उलटी झालीय."

सरांनी मान वर केली नाही. "असू दे."

सरांच्या तोंडून 'असू दे' मी प्रथमच ऐकत होतो. मला वाटलं त्यांना ताप आलाय.

पुढच्या भागात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यातही. दर भागात एका दृश्यात उजवी चप्पल उलटी, लगेच पुढच्या दृश्यात सरळ. खाजाभाई कॅमेऱ्यातून डोळा काढून म्हणाले, "मियाँ, ये चप्पल कौन पलटारा?" मी नाडी बांधायला खाली वाकलो. मला कळलं होतं. कार्टून तिकडे दिसत होतं, तिकडे मेधा होती, आणि उलटी चप्पल बघून जिला राहवत नाही अशी एकच मुलगी सरांच्या ओळखीची होती.

मेधाचा फोन काही आला नाही. अमेरिकेचा फॅक्स मात्र आला. तिकडे कार्टूनातल्या चुका शोधून काढणारे रिकामटेकडे प्रेक्षक होते आणि त्यांच्यापैकी कुणीतरी चपलेबद्दल विचारलं होतं. मालकांनी सगळ्यांना बोलावलं. पुढच्या वर्षाचं काम यावरून जाईल म्हणाले. त्यांची मिशी परत आली होती, ती थरथरत होती.

"चप्पल उलटी थी. फिर सीधी कैसे हुई?"

"मधल्या वेळात कुणीतरी येऊन सरळ केली असेल," सर म्हणाले.

"कौन?"

"ते अजून आलेलं नाही."

मालकांना मराठी थोडं थोडं कळायचं, पण हे कळलं नाही. चूक सरांची, एवढं मात्र कळलं. सरांचं तपासणीचं काम काढून घेतलं आणि त्यांना रंगांच्या बाटल्या लावायला कोठारात बसवलं. पुन्हा चप्पल उलटी दिसली तर जो कुणी असेल तो घरी, असं मालकांनी दोनदा सांगितलं. एकदा हिंदीत, एकदा तेलुगूत. सरांनी ही गोष्ट घरी सांगितली नाही. रविवारी पानावर ते नेहमीसारखेच होते, फक्त वाट्या वेगवेगळ्या मापाच्या होत्या आणि ते काही बोलले नाहीत.

पुढच्या भागाची ओसरी माझ्याच टेबलावर आली. चपला दोन्ही सरळ. सर कोठारातून पांढऱ्या रंगाची बाटली द्यायला आले. त्यांनी चित्र पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला आणि गेले.

मी ट्रकच्या मागे एकही मोर इतका घाबरून काढला नसेल. ज्या माणसानं मला एकदाही शिक्षण विचारलं नाही, त्याची चप्पल सरळ राहिलेली मला बघवेना. मी ती उलटी केली. नव्या तपासनिसाला चप्पल उलटी काय आणि सुलटी काय, सारखीच. खाजाभाईंना मात्र दिसली. "नौकरी जाती मियाँ तुम्हारी," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

त्यानंतर बरेच दिवस मी जिन्याचा वापरच सोडून दिला, मागच्या लोखंडी शिडीनं चढायचो. काही झालं नाही. ना फॅक्स, ना मालक. सरही काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना कळलंच नाही.

मग एका रविवारी आम्ही पानावर बसलो असताना फोन वाजला. रविवारी त्या घरात फोन वाजत नसे. काकूंनी उचलला, ऐकलं आणि रिसीव्हर सरांपुढे धरला. "तुम्हाला."

परदेशच्या फोनवर तेव्हा माणसं ओरडूनच बोलायची. मला पलीकडचं सगळं ऐकू आलं.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना? खरं सांगा. आजारी आहात का? काम सुटलं का?"

"का?" सर म्हणाले.

"या वेळची चप्पल तुम्ही काढलेली नाही. दर वेळी उजवी असते. या वेळी डावी आहे. दुसऱ्याच कुणीतरी काढलीय." पलीकडे ती रडत असावी. "तुमची दिसायची तोवर मला कळायचं ना, बाबा ठीक आहेत म्हणून."

मी ताटाकडे बघत राहिलो. डावी की उजवी, याचा मी विचारच केला नव्हता.

सरांनी रिसीव्हर उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला. अमेरिकेचा फोन, मिनिटं चाललेली, काकू पदर तोंडाशी धरून उभ्या.

"मी ठीक आहे," ते म्हणाले. "तुझ्या नणंदा कशा आहेत? दोघीही. धाकटी आणि थोरली."

त्यानंतर सर नुसतंच "हं, हं" करत होते. फोन ठेवून ते परत पानावर येऊन बसले. भात गार झाला होता. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"मिलिंदा, ती डावी तू काढलीस?"

"हो सर."

"जोड चुकली," असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.