ल्होता गावी फेस उभा राहिला त्याची हकीकत

सरपंचांचा हुकूम सादर जाहला की, गावच्या इतिहासवहीत गेल्या सालच्या पानावर फक्त गटाराची दुरुस्ती लिहिली आहे, हे चेक मुलखातील इभ्रतदार गावास शोभत नाही, तरी एखादा पराक्रम शोधून लिहावा. ऐसियास सेवक त्या वहीचा लेखक, उमर अडुसष्ट, सदा तहानलेला. एक अक्षर खोटे लिहीन तर पुढला पेला गरम मिळो, ही शपथ वाहून मजकूर आरंभितो.

अखंडितलक्ष्मी नव्हे, अखंडितयवअलंकृत, म्हणजे सदा जवांत बुडालेले, राजमान्य राजश्री रादेक कुबिश्ता, हुद्दा बसदुरुस्तीच्या कारखान्यात मिस्त्री, हे सासऱ्याच्या घरी राहून अंगणातील धुण्याच्या खोलीत तांब्याच्या हंड्यावर बिअर काढीत. रंग खासा, कडवटपणा बाका, वास ऐसा की शेजारचे कुत्रे कुंपणाशी येऊन बसे. परंतु फेस म्हणाल तर पेल्यात ओतताच बोटभर उठे आणि पाहता पाहता निवे, आणि मागे उघडीबोडकी बिअर राहे. आमच्या मुलखी ऐशा बिअरीस दारात उभे करीत नाहीत.

त्यात सासरे कोण? तर खासे आलोईस व्होंद्रा, पीपबहाद्दर, ज्यांनी गावच्या गुत्त्यात चाळीस साले तोटीवर अंमल केला आणि तीन बोटे फेसावाचून एक पेला पुढे सरकविला नाही. त्यांनी लग्नापासून सहा वर्षांत जावयाचा एक पेला पुरता प्यायला नव्हता. पेला उजेडाकडे धरीत आणि भर पंगतीत फर्मावीत, "काय रे रादेक, हे प्यायचंय की डॉक्टरकडे तपासायला न्यायचंय?" मग मंडळी हसत, आणि पेला गुलाबाच्या मुळाशी रिता होई, आणि रादेकराव कानापर्यंत लाल होत. रात्रंदिन एकच इच्छा, की म्हाताऱ्याने एकदा तरी पेला तळापर्यंत प्यावा. मनुष्य बिचारा भला, सेवकास त्याची फार कणव येई.

जानेवारीत आलोईससाहेबांनी जाहीरनामा काढला की, मे महिन्यात आमचा ऐंशीवा वाढदिवस. त्या दिवशी जावयाच्या फेसात आगकाडी उभी करू. आम्ही चिलीम भरून पेटवीपर्यंत काडी उभी राहिली तर पेला पिऊ. पडली तर शहरातून आणविलेले बिअरीचे पीप फोडू, धुण्याच्या खोलीत ससे बांधू, आणि हंडा मोडीत घालू. कन्या ब्लांका, रादेकरावांचा कबिला, ही म्हणाली, "बाबा, ऐंशीचे होताय की आठचे?" पण तहाची बोलणी फिसकटली.

मग मोहीम सुरू जाहली. पहिल्या स्वारीस गव्हाचे मोड कुमकेस आणिले, फेस जागचा हलला नाही. दुसऱ्या स्वारीस हॉप्सची फुले दुप्पट घातली, तेव्हा बिअर ऐशी कडू निघाली की सेवकाची जीभ रविवारपर्यंत बधिर, आणि फेस तोच नादार. तिसऱ्या स्वारीस साबणावर संशय धरून सारे पेले सोड्याने धुतले आणि उपडे वाळविले, आणि हंडा वाळू व व्हिनेगारने ऐसा घासिला की त्यात दाढी करावी. तरीही शिकस्त. रादेकराव पायरीवर बसले आणि स्पष्ट रडले. हे त्यांना लिहून नको होते, पण वही ती वही.

ऐशा समयी ब्लांकाबाई कपड्यांची टोपली घेऊन आल्या. रादेकराव चौथी स्वारी मांडून उकळता रस चाटूने ढवळीत होते. बाई थबकल्या आणि नाक पुढे करून म्हणाल्या, "हा चाटू कुठला घेतलास?"

"इथलाच. खुंटीवरचा. नेहमीचाच."

"अरे देवा! दर हिवाळ्यात डुक्कर कापलं की बाबा ह्यानंच ते रक्ताचं काळं सूप ढवळतात. दुसऱ्या चाटूनं चव येत नाही म्हणे."

"आणि सहा वर्षं मला कुणी सांगितलं नाही?"

"तू असतोस कुठं त्या दिवशी? रक्त दिसलं की धाडकन पडतोस आणि वर पलंगावर!"

हे अक्षरशः खरे. डुकराच्या दिवशी खासे मूर्च्छित होत, आणि शुद्धीवर येईतो चाटू पुसून खुंटीवर गेलेला असे. मग तो चाटू उकळत्या पाण्यात बुडविला, तो पाण्यावर चरबीचे पिवळे डोळे टकमक वर आले. चाळीस साले मुरलेली डुकराची चरबी दर स्वारीत बिअरीत उतरे, आणि चरबीपुढे फेसाचा टिकाव लागत नाही. म्हणजे जो सासरा फेसावरून छळीत होता, तोच आपल्या चाटूने फेस मारीत होता.

रादेकराव चाटू उचलून घराकडे धावले. बाईंनी बाही धरली. "आत्ता जाऊन भांडलास तर वाढदिवशी पेल्याला हातही लावायचा नाही तो. तुला भांडण जिंकायचंय की पेला पाजायचाय?" मग रादेकराव परतले, रस मोरीत ओतिला, आणि चांगल्या बीच लाकडाचा कोरा चाटू स्वतः तासला. पाचवी स्वारी तळघरात सहा आठवडे थंड निजविली, आणि त्या अवधीत खासे तोंड शिवून राहिले.

मे महिन्याचा दिवस उजाडला. अंगणात सारा गाव, शहरचे पीप सावलीस सज्ज. रादेकरावांनी पेला गार पाण्याने विसळला आणि ओतला. फेस तीन बोटे चढला, पांढरा, दाट, आणि थांबला. आलोईससाहेबांनी काडी रोविली आणि चिलीम भरू लागले. भरली, मग पुन्हा झटकून रिती केली, मग तंबाखू मुद्दाम सांडली, मग चष्मा शोधला, जो नाकावर होता. लोक ओरडले, "आलोईस, लबाडी नको!" काडी उभीच. शेवटी चिलीम पेटली. काडी उभी.

मग वृद्धाने पेला उचलिला. एकेका घोटागणिक काचेवर फेसाचे कडे राही, आणि अंगण मोठ्याने मोजू लागले. सात कडी, आणि तळ. गुलाबास थेंब मिळाला नाही. साहेबांनी रिता पेला पालथा करून पाहिला. मग विचारते जाहले, "कुणी शिकवलं रे तुला हे?"

रादेकरावांनी बायकोकडे पाहिले, मग सासऱ्याकडे. "तुमच्याकडूनच शिकलो, बाबा."

हे लटके नव्हे, सेवक साक्ष आहे.

साहेबांच्या मिशीवर फेस राहिला होता. कन्येने रुमाल पुढे केला. "हात लावू नकोस," म्हणाले, टोपी घातली आणि काठी घेऊन एकटेच फाटकाबाहेर पडले. रस्त्याने जो भेटेल त्याच्यापुढे थांबून हनुवटी वर करीत, "जावयाची आहे," ऐसे सांगत गुत्त्यापर्यंत गेले. फेस तोवर टिकला की वाटेत निवला, याविषयी गावात दोन मते आहेत. वहीत 'टिकला' ऐसे नोंदिले असे.