गंगाराम नाखव्याची बर्फाची बँक

"पोरांना पैशाचं वळण लावायला काय लागतं हो? आठ दिवस! फक्त आठ दिवस माझ्या ताब्यात द्या. एकेकाला असा सरळ करतो की बँकेचा मॅनेजर घरी येऊन सल्ला विचारील!"

गंगाराम नाखव्यानं ही गर्जना मिरकरवाडा बंदरातल्या चहाच्या टपरीवर केली. जुलैचा तिसरा आठवडा सरत आला होता. मासेमारीची पावसाळी बंदी चालू, बोटी धक्क्याला बांधलेल्या आणि बोटीचे मालक मोकळे! रिकामा नाखवा म्हणजे काय चीज असते, ते त्याच्या बायकोला विचारावं. जून महिन्यात गंगारामनं घरातले सगळे नळ दुरुस्त केले होते, त्यामुळे जुलैमध्ये प्लंबर बोलवावा लागला. मग तो मोबाइलवर पैशाच्या नियोजनाचे व्हिडिओ बघायला लागला आणि त्याच्या बायकोनं, गुणवंतीनं, सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास जरा लवकरच टाकला बिचारीनं.

तसं पोरांचं वागणंही काही धड नव्हतं. गंगारामचा भाचा भावेश हप्त्यावर घड्याळ घेऊन बसला होता आणि त्या घड्याळाचा हप्ता भरायला त्यानं हप्त्यावर फोन घेऊन तो विकला होता. शेजारच्या नम्रताचा मोबाइलच्या दुकानातला पहिला पगार मैत्रिणींच्या पार्टीत दोन दिवसांत साफ! आणि गंगारामची स्वतःची मुलगी पूर्वी, कॉमर्सला शिकणारी, तिनं सेल लागला म्हणून सँडलचे तीन जोड मागवले होते. त्यातला एकही तिच्या पायाचा नव्हता.

"पण बाबा, साठ टक्के सूट होती!" पूर्वी म्हणाली.

"अगो, पाय पण साठ टक्केच जातोय आत!"

झालं! जाळी ठेवायच्या शेडमध्ये वर्ग भरला. वाडीतली दहा तरणी पोरं-पोरी जाळ्यांच्या ढिगांवर बसली आणि गंगाराम मधोमध उभा राहिला. नुसतं भाषण देऊन उपयोग नाही, हे त्यानं व्हिडिओत ऐकलं होतं. म्हणून त्यानं वहीच्या कागदाच्या नोटा केल्या, प्रत्येकीवर झोकदार सही ठोकली आणि वाटल्या. हा खोटा पैसा, यावर खरा हिशोब शिकायचा!

दुसऱ्या दिवशी वाटलेल्या नोटांच्या चौपट नोटा वर्गात फिरत होत्या. भावेशनं झेरॉक्स मारल्या होत्या. रंगीत!

"काका, आपल्या वर्गात महागाई आलीय," नम्रता गंभीरपणे म्हणाली.

आता झेरॉक्स न होणारा पैसा आणायचा कुठून? गंगाराम विचार करत घरी आला आणि त्याची नजर कपाटातल्या पिशवीवर पडली. पितळेची गोल टोकनं! आता ही भानगड नीट समजून घ्या. बंदीच्या काळात बर्फाच्या कारखान्याला गिऱ्हाईक नसतं. तेव्हा जो आगाऊ पैसे भरील, त्याला बर्फ स्वस्त पडतो. पैसे भरले की कारखाना टोकनं देतो. एक टोकन, एक लादी. हंगाम सुरू झाला की टोकन दाखवायचं, लादी घसरत खाली येते. टोकन कुणाचं, हातात कुणाच्या, हे कुणी विचारत नाही. गंगारामनं अशी दोनशे टोकनं घेऊन ठेवली होती आणि त्या दूरदृष्टीबद्दल स्वतःची पाठ रोज थोपटत होता.

"अहो, ती बर्फाची हायत!" गुणवंती ओरडली. "बोटीला काय घालणार? तुमचं व्हिडिओ?"

"अगो, पोरं काय बर्फ खाणार हायत? शेडमध्ये वाटायची, शेडमध्येच परत घ्यायची. बँक मी, दंड मी, भाडं मी! पैसा फिरून फिरून जाणार कुठं? माझ्याच पिशवीत!"

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वीस टोकनं पगार मिळाला. उशिरा आलं की दंड. गळक्या पत्र्याखालची जागा फुकट, कोरडी जागा महाग. मधल्या सुट्टीत गुणवंतीचा चहा आणि बटाटेवडे, तेही टोकन देऊन. आणि गंगारामनं छातीवर हात ठेवून जाहीर केलं, "पगार एकदा हातात पडला की तो तुमचा! उडवा, साठवा, वाढवा. मी परत मागणार नाय. नाखव्याचा शब्द हाय!"

वर्ग काय रंगला म्हणून सांगू! दंड नको म्हणून पोरं वेळेवर यायची आणि भाडं वाचवायला गळक्या पत्र्याखालीच दाटीनं बसायची. गंगाराम शिकवायचा आणि पोरं माना डोलवायची. विकत घेण्याआधी स्वतःला विचारा, ही गरज की हौस? पैसा घरात झोपवून ठेवू नका, त्याला कामाला लावा! उसने देताना जामीन घ्या, मग समोर सख्खा मामा का असेना! आणि अडीअडचणीसाठी थोडा पैसा बाजूला काढा. तो कुठं ठेवलाय ते कुणाला सांगू नका. बापालासुद्धा नाय! हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यानं खास पूर्वीकडे बघितलं. पूर्वीनं ते लिहून घेतलं.

"शिल्लक कशी काय?" तो रोज विचारायचा.

"मस्त चाललंय काका!" पोरं एका सुरात सांगायची. गंगारामला भरून यायचं. व्हिडिओवाल्यांनी आपल्याकडून शिकायला हवं, असं त्याला वाटायला लागलं होतं.

शेडच्या बाहेर मात्र वेगळंच चाललं होतं. भावेशनं केस कापून घेतले आणि न्हाव्याला पैशाऐवजी टोकन दिलं. न्हाव्यानं ते दातानं चावून बघितलं आणि आनंदानं खिशात टाकलं. मिरकरवाड्यात बर्फाचं टोकन न ओळखणारा माणूस जन्माला यायचाय! मग रिचार्ज टोकनवर, पाणीपुरी टोकनवर. आणि फिरत फिरत ती टोकनं पोचली दमयंतीवहिनींच्या हातात. दमयंतीवहिनी दोन बोटींची मालकीण. या वर्षी त्यांनी आगाऊ बर्फ घेतला नव्हता आणि कारखान्याचं एक मशीन बंद पडल्याची बातमी त्यांना सगळ्यांच्या आधी लागली होती. गंगारामलाही लागली असती, पण तो वर्गात चक्रवाढ व्याज समजावत होता.

"टोकन आणा, रोख पैसे न्या," वहिनींनी पोरांना सांगितलं. भावही चढा! पोरं धावत सुटली.

बंदी उठली त्याच दिवशी सकाळी वर्गाचा समारोप ठेवला होता. गंगारामनं इस्त्रीचा शर्ट घातला, बक्षीस म्हणून शाल आणली.

"चला! ज्याच्याकडे सगळ्यात जास्त टोकनं, तो पहिला. मांडा समोर!"

पोरांनी खिसे उलटे केले. समोर अकरा टोकनं पडली.

"बाकीची?"

"गुंतवली मामा!" भावेश अभिमानानं म्हणाला. "तुमीच बोललात ना, पैशाला कामाला लावा? टोकनं विकून आमी दोन मोठ्या शीतपेट्या आणि वजनकाटा घेतला. दहा जणांची भागीदारी. हायवेवरच्या हातखंब्याच्या ढाब्यांना ताजी मासळी पोच करणार. तीन ढाबेवाले तयार पण झाले!"

गंगारामला कौतुकानं हसावं की बोंब मारावी कळेना. तेवढ्यात शेडच्या दारात त्याच्या बोटीचा तांडेल काशीराम उभा राहिला. बोट चालवणारा हा माणूस, बारा महिने घाईत.

"नाखवा, डिझेल भरला, शिधा-बाजार भरला, पूजा झाली. टोकनं द्या, बर्फ घेतो. निदान साठ लाद्या तरी लागतील. कारखान्यावर झुंबड हाय! टोकनाशिवाय लादी नाय, नवीन टोकन आठ दिवस नाय!"

गंगारामच्या तोंडचं पाणीच पळालं. बर्फ नाही तर बोट नाही. पहिल्या फेरीच्या म्हावऱ्याला जो भाव मिळतो, तो पुन्हा वर्षभर मिळत नाही. आणि बोट धक्क्यावर राहिली तर खलाशी काय तिला ओवाळत बसणार होते? दुसऱ्या बोटीवर गेले असते, की हंगामच बुडाला! दोन महिने घर बसून खाल्लं होतं ते याच फेरीच्या भरवशावर.

"काय झाला नाखवा? टोकनं कुठं हायत?"

"ती... कामाला लावलीत," गंगाराम पुटपुटला.

"गुणवंती!" मग त्याला एकदम आठवलं. "चहावड्यांची टोकनं तुझ्याकडे असतील! चाळीस तरी!"

गुणवंतीनं पदर सारखा केला. "मी पण विकली. भाव बरा होता."

गंगाराम धावत दमयंतीवहिनींकडे गेला. वहिनींनी पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, टोकन मात्र दिलं नाही. "भावोजी, माझ्या दोन बोटी हायत. द्यायचं म्हटलं तरी तिप्पट भाव पडेल. आणि खरं सांगू? तुमच्या पोरी-पोरांनी घासाघीस करून मला रडवलंय. कुणी शिकवलं हो त्यांना?"

गंगाराम शेडमध्ये परत आला तो जाळ्याच्या ढिगावर बसलाच. गळक्या पत्र्याखाली! शर्टावर थेंब पडत होते, पण जागा बदलायचं त्राण नव्हतं. त्याचा तो चेहरा बघून पूर्वीचा जीव कळवळला.

"बाबा, आमच्याकडे आहेत थोडी. अडीअडचणीची. प्रत्येकानं सहा-सात बाजूला काढलीत."

गंगाराम ताडकन उठला. "मग मघाशी का नाय बोललीस?"

"बापालाही सांगू नका, असं तुम्हीच म्हणालात."

"आण इकडे! माझीच टोकनं ती!"

"नाही बाबा. पगार दिलात. नाखव्याचा शब्द आहे."

काशीराम तांडेल आळीपाळीनं बापलेकीकडे बघत होता. बाहेर खलाशी हाका मारत होते. पण पोरांना कसली घाई! त्यांनी रीतसर सभा भरवली. गंगारामला मधोमध उभं केलं, जिथं तो आठ दिवस उभा राहून शिकवत होता.

"काका, ही गरज की हौस?" नम्रतानं विचारलं.

"गरज हाय गो बाय! पोटाची गरज!"

"परतफेड कशातून?"

"म्हावऱ्यातून!"

"म्हावरा नाय मिळाला तर?" भावेशनं विचारलं.

"अरे मेल्या, निघताना असं बोलतात काय!" काशीराम तांडेलच भडकला.

"बरं, अडचण आहे हे मान्य," नम्रता म्हणाली. "पण ही काकांची अडचण आहे. आपण पैसे बाजूला काढले ते आपल्या अडचणीसाठी."

यावर बरीच चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की काकांची बोट गेली नाही तर ढाब्यांना पोचवायला मासळीच नसेल, तेव्हा ही सगळ्यांचीच अडचण. गंगारामला हायसं वाटलं. मग अट आली. बोटीवर जसा तांडेलचा वाटा, खलाशांचा वाटा, तसा पहिल्या फेरीत बर्फाचाही एक वाटा, तो पोरांचा. आणि जामीन हवाच!

"मामा, तुमाला मी ओळखतो," भावेश म्हणाला, "पण तुमीच शिकवलंत, सख्खा असला तरी जामीन."

सगळ्यांनी गुणवंतीकडे बघितलं. गुणवंतीनं नवऱ्याला नखशिखांत न्याहाळलं. लग्नाच्या वेळीही तिनं त्याला इतकं नीट बघितलं नव्हतं.

"राहते मी जामीन. पण म्हावऱ्याचा पैसा आधी माझ्या हातात येणार. कबूल?"

"कबूल! कबूल!" गंगाराम ओरडला. "आता बर्फ भरा रे!"

आणि मग जी धावपळ उडाली! भावेशनं टोकनं गोळा केली, पोरांनी कारखान्यापासून धक्क्यापर्यंत रांग धरली, लाद्या फोडून बोटीच्या खणात ओतल्या. पूर्वी नखशिखांत भिजली होती, नम्रताचे हात गारठून लाल झाले होते, आणि सगळी हसत होती. बोट बंदराबाहेर पडली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं ओरडली ती हीच पोरं. वाटेकरी होती ना! गंगारामचे डोळे ओले झाले. पावसानं असेल, असं त्यानं धक्क्यावर आलेल्या काशीरामच्या बायकोला सांगितलं.

पाचव्या दिवशी बोट आली ती खण भरून. कोळंबी, सरंगे, सुरमई! लिलावाला गुणवंती स्वतः उभी राहिली आणि भाव असा काढला की व्यापाऱ्यांनी कपाळाला हात लावले. डिझेलचे गेले, बाजाराचे गेले, तांडेल-खलाशांचे वाटे गेले, पोरांचा वाटा गेला. तरी मालकाचा वाटा घसघशीत उरला. पोरांनी हातखंब्याला पहिली पेटी पोचवून रोख पैसे आणले. गंगाराम धक्क्यावर मिशीवर हात फिरवत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "आठ दिवस बोललो होतो की नाय? आठच दिवस! पोरं बघा कशी तयार झाली!"

मग तो रुबाबात शेडमध्ये आला आणि बायकोपुढे हात केला.

"आण माझा वाटा."

गुणवंतीनं पूर्वीकडे बघितलं. पूर्वीनं नम्रताकडे बघितलं. भावेश छताकडे बघायला लागला.

"बाबा, तो बँकेत ठेवलाय," पूर्वी म्हणाली. "मुदत ठेव. पुढच्या बंदीपर्यंत हात लावता येणार नाही. आईच्या नावावर आहे."

"माझा वाटा? मला न विचारता?"

"आम्ही मतं घेतली, काका," नम्रता मायेनं म्हणाली. "तुमच्या हातात पैसा टिकत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. काकींचं पण."

गंगारामनं ओरडायला तोंड उघडलं. समोर दहा चेहरे, शांत, काळजीवाहू, अगदी पासबुकासारखे नीटनेटके. त्यानं इस्त्री गेलेला शर्ट खाली ओढला आणि हळूच म्हणाला, "बरं, निदान चहाला तरी द्या रे काहीतरी. टपरीवर मंडळी वाट बघतायत."

सभा बसली. दोन्ही बाजूंनी चर्चा झाली. आणि सर्वानुमते गंगाराम नाखव्याला चहा मंजूर झाला.

अर्धा कप!