साथीची रंगीत तालीम

"रोगी कोण होणार?" असं डॉक्टरांनी विचारलं, आणि कोणी चुळबुळ करायच्या आत गोरक्षने हात वर केला. साल दोन हजार सहा. नवापूरकडे बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या तेव्हापासून सरकारला पुढच्या साथींची काळजी लागली होती, आणि सायखेड्याच्या पलीकडच्या या वस्तीत डॉक्टर साथीची रंगीत तालीम घ्यायला आले होते.

"मला काय झालं ना, तर आमची सुवर्णा घटकाभर सोडून ऱ्हायची नाय," गोरक्षने चारचौघांत जाहीर केलं. लग्नाला चार वर्षं झाली, कडेवर पोरगं आलं, तरी या गोष्टीची त्याला कोण मिजास! सुवर्णा मात्र पदर सावरत नुसती हसली.

डॉक्टरांनी त्याला पांढरा पायघोळ झगा चढवला, नाकातोंडाला पांढरी पट्टी बांधली आणि शाळेच्या खोलीत सतरंजीवर निजवलं. मग खिडकीबाहेर त्यांचा आवाज आला, "याला साथीचा रोग झालाय असं समजा. मी शिट्टी वाजवेपर्यंत सगळं खरं मानून वागायचं!" तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. कुठल्याशा पोल्ट्रीत कोंबड्या मेल्याची खबर होती. जीप धुरळा उडवत गेली, आणि डॉक्टरांबरोबर शिट्टीही गेली. गोरक्षला काय, फुकटची विश्रांती. त्याने ताणून दिली.

जाग आली ती शांततेने. गिरणीचा आवाज नाही, पोरांचा नाही, साधं कोंबडंही आरवत नव्हतं. "अरे, कोणी हाय का?" त्याने हाक मारली. हाक भिंतीवर आपटून परत आली. तो बाहेर पडला. भर दुपारी गल्ली ओस पडली होती. ओट्यावर अर्धा प्यालेला चहा, त्यावर साय. एका घरात टीव्हीतली सून रडत होती आणि ते बघायला सासू नव्हती. दारादारांत उंबऱ्यापाशी राखेची रेघ ओढलेली. न्हाव्याच्या दुकानातून पांढऱ्या कपड्यांतलं, तोंड नसलेलं कोणीतरी त्याच्याकडे बघत होतं. गोरक्ष किंचाळला. मग लक्षात आलं की तो आरसा आहे.

तो घराकडे धावला. दाराला कडी, आणि राखेची रेघ इतरांपेक्षा चांगली दुप्पट जाड. त्याचाच कुत्रा त्याला बघून गुरगुरला आणि शेपूट घालून पळाला. आपण झोपेत मेलो तर नाही ना, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. त्याने स्वतःला चिमटा काढला. दुखलं, पण त्याने काही धीर आला नाही.

तेवढ्यात मळ्यांच्या बाजूला त्याला धूर दिसला. एक नाही, मळ्यामळ्यात वेगळा. सगळं गाव रानात होतं. ज्याची त्याची चूल ज्याच्या त्याच्या बांधावर पेटली होती. गोरक्ष झगा सावरत कांद्याच्या वाफ्यांतून पळत सुटला.

"थांब! म्होरं येऊ नको!" शेजारचा फकिरा ओरडला.

"अरे फकिरा, मी गोरक्ष!"

"ठावं हाय! म्हणून तर सांगतोय!"

"अरे खोटंखोटं हाय ना ते!"

"शिट्टी वाजली का?"

"नाय."

"मंग?"

पलीकडच्या बांधावरून म्हाताऱ्या चतुराबाईने काठी उगारली. तिच्या सासूने प्लेग पाहिला होता, तेव्हा या खात्यातली गावची सर्वांत मोठी अधिकारी तीच. "घरात बसले ते गेले, रानात आले ते ऱ्हायले, असं सासू सांगायची. म्हणून रोग आत शिरू नये म्हणून उंबऱ्याला राख ओढली आणि गाव उठवलं म्या. आणि रोगी असाच येतो, मला काय झालं नाय म्हणत!"

गोरक्षने सुवर्णाला शोधलं. ती पोराला कडेवर घेऊन आपल्याच झेंडूच्या वाफ्यापाशी उभी होती. त्याने पट्टी खाली ओढली आणि एक पाऊल टाकलं. ती तिथेच उभी राहिली. त्याने दुसरं टाकलं. ती मागे सरकली. तिसरं टाकलं, तर पाठ फिरवून चालू लागली. गोरक्षला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात जीप आली. रिकामं गाव बघून घाबरलेले डॉक्टर मळ्यात आले, आणि सगळा प्रकार ऐकून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी शिट्टी वाजवली. "शाबास! अख्ख्या तालुक्यात अशी तालीम झाली नाही. फक्त एक चूक झाली. रोगी पळाला!" मग काय, बांधाबांधावरून लोकांनी गोरक्षला फैलावर घेतलं. सबंध गाव पास झालं, नापास तो एकटाच.

घरी आल्यावर सुवर्णाने राख झाडून काढली, पोराला निजवलं आणि त्याच्यापुढे ताट ठेवलं. गोरक्षने जेवणाला हात लावला नाही.

"तुला खरंच वाटलं, मला रोग झालाय?"

"नाय ओ. तालीम हाय ते कळत व्हतं मला."

"मग पाठ का फिरवली?"

सुवर्णा झोपलेल्या पोराकडे बघत राहिली. "येळ आली तर याला घेऊन माझे पाय निघतील का, ते बघत व्हते. पहिल्यांदा नाय निघाले. मग निघाले."

गोरक्षने पोराच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"जेवा आता," ती म्हणाली. "डाक्टर पुढल्या महिन्यात परत येणार हायेत. तवा रोगी मी व्हनार. तुमी पोराला घेऊन निघायला शिका."