आजारपणाचे पाच हजार

दुर्गदबैल बाजारातले कापडाचे व्यापारी नागोजीअण्णा यांनी आजारी पडायची तयारी लग्नकार्यासारखी चोख केली होती. विम्याच्या एजंटानं सांगितलं होतं, "घरात कुणीही आजारी पडू दे, वर्षातले पहिले पाच हजार तुम्ही भरायचे. त्याच्या वरचं सगळं कंपनी देणार." अण्णांनी लगेच केशवापुरातल्या एका नव्या बँकेत वेगळं खातं काढलं, मोजून पाच हजार टाकले आणि पुढे दोन वर्षं तिकडे फिरकले नाहीत.

अण्णांना काही झालं नाही, पैसे मात्र खंगत गेले. शिल्लक कमी म्हणून बँकेनं कापले, व्यवहार नाही म्हणून कापले आणि कापल्याचं पत्र पाठवलं म्हणून त्याचेही कापले. अण्णांनी ती पत्रं जाहिरात समजून फोडलीच नाहीत.

शेवटी अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी त्यांच्या बायको शेवंताक्का दवाखान्यासमोरच्याच त्या बँकेतून रिकाम्या हातानं परतल्या.

"अहो, खात्यात अडतीसशेच उरल्यात की!"

कमी पडणारे बाराशे एकाच ठिकाणी होते. शेवंताक्कांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पैसे साठवलेल्या डब्यात. बिचारीला हल्ली हिरवा आणि निळा ताका वेगळा ओळखू येत नव्हता. त्या पैशाला हात लावायची अण्णांना मनापासून लाज वाटली. मग त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. घासाघीस.

"ताई, दहा हजार बिल म्हणजे लई झालं," ते दवाखान्याचं बिल घेऊन खाटेपाशी आलेल्या अंबूताईंना म्हणाले. "हे बँडेज बघा. असलं झिरझिरीत कापड माझ्या दुकानात फुकट दिलं तरी कोण नेत नाही. आणि दोन रात्री पंखा बंद होता, त्याचं काय?"

तासाभरात बिल आठ हजारांवर आलं. अण्णांनी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं.

"अण्णा," अंबूताई म्हणाल्या, "दहा होऊ दे नाहीतर आठ, तुमचे पाचच. वाचले ते कंपनीचे."

"म्हणजे मी तासभर कंपनीसाठी घसा कोरडा केला?"

"व्हय की."

अण्णा पेटले. आता पाच हजारांच्या खाली गेल्याशिवाय सुटका नव्हती. ऐकून ऐकून शेजारच्या खाटेवरचा माणूसही पायाच्या प्लास्टरमध्ये सूट मागू लागला. सगळा वॉर्डच बाजार होणार, हे पाहून डॉक्टर धावत आले आणि त्यांनी अडतीसशेवर सही केली.

शेवंताक्का पुन्हा बँकेत गेल्या आणि पुन्हा तशाच आल्या. "सगळे काढले तर खातं रिकामं राहतंय, म्हणून आणखी दोनशे कापणार म्हणे."

"थांब. मीच जातो." पोटाला हात लावून, दवाखान्याच्या कपड्यांतच अण्णा रस्ता ओलांडून मॅनेजरसमोर उभे राहिले. तिथं त्यांनी असा आवाज लावला, टेबलावर अशा मुठी आपटल्या, की मॅनेजरनं घाबरून कापलेले सगळे बाराशे खात्यात परत टाकले. पुरे पाच हजार!

आणि त्याच मुठीसरशी अण्णांचे टाके उसवले.

दुसरं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर समोर डॉक्टर, अंबूताई आणि रडून डोळे सुजलेल्या शेवंताक्का होत्या. डॉक्टर हात जोडूनच म्हणाले, "अण्णा, दोन्ही मिळून नऊ हजार होतात. पण भाव करू नका, मीच आधी साडेचारवर येतो."

अण्णांनी डोळे मिटले. ओठ हलले, मनाशी हिशेब झाला. वर्षातले पहिले पाच हजार घरातल्या सगळ्यांचे मिळून होते. ते एकदा भरले, की पुढचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कंपनीच्या माथी.

"खबरदार, डॉक्टर!" अण्णा उशीवरून गरजले. "नऊ म्हणजे नऊ. एक पैसा कमी केलात तर खाटेवरनं उठणार नाही!"

आणि शेवंताक्कांचा हात धरून हळूच म्हणाले, "कुठला डोळा आधी करायचा, ते ठरव."