केवळाबाईच्या डोक्यातली हजेरी

कागदपत्राच्या कामात माझा हात धरणारा माणूस सबंध उदगीर तालुक्यात नव्हता. निदान मी तरी तसं सगळ्यांना सांगत फिरत होतो. त्या वर्षी लातूर नवा जिल्हा झाला, पाऊस दोनदा शिंतडून निघून गेला, आणि बोरवाडीच्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर मी हजेरी कारकून म्हणून लागलो. होतो मीही रोजंदारीवरच. पण माझ्या खिशाला पेन होतं आणि बाकीच्यांच्या डोक्यावर टोपली, तेवढ्यावर मी स्वतःला साहेब समजून चालत होतो.

कामावर बेचाळीस बाया. त्यांची दीड महिन्याची मजुरी अडकलेली. उस्मानाबादचं जुनं दफ्तर म्हणे, तुम्ही आता आमच्या जिल्ह्यात नाही. लातूरचं नवं म्हणे, तुमचे सगळे कागद अजून आमच्याकडे आलेच नाहीत. त्यात ऊसतोडीचा मुकादम ईश्वरप्पा गावात येऊन ठाण मांडून बसला. तो रोख उचल देत होता. लेकरं आणि म्हाताऱ्या सासवा मागे टाकून सहा महिने पाचटाच्या खोपीत राहायला कुणालाच जायचं नव्हतं. पण चूल तर पेटायला पाहिजे.

"शुक्रवारपतुर पैसे न्हाई आले तर आमी चाललो ईश्वरप्पासंगं," केवळाबाई म्हणाली.

केवळाबाई बायांत सगळ्यात वडील. पन्नाशीची, वाळक्या अंगाची, कागदावर अंगठा उठवणारी. ती निघाली की सगळ्या निघणार, काम बंद पडणार, आणि मीही घरी बसणार.

"मी स्वतः लातूरला जातो," मी जाहीर केलं. "हजेरीपट साहेबांच्या टेबलावर ठेवतो. मग बघा कसे पैसे येत नाहीत ते."

"मी येते संगं."

"तुम्ही कशाला मावशी? तिथं लिहिण्यावाचण्याचं काम."

"तुमी लिवा की. मी बसते."

गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघालो. हजेरीपट पिशवीत आणि पिशवी मांडीवर. लातूर आलं तसा मी केवळाबाईला नव्या जिल्ह्याची माहिती द्यायला लागलो. फाइल कुठून निघते, कुठं फिरते, सही कुणाची लागते. हे सांगायला मला दोन्ही हात लागतात. हात हलवतच मी खाली उतरलो.

"कारकून, पिशवी कुटं हाय?" केवळाबाईनं विचारलं.

गाडी फाटकातून बाहेर वळत होती. मी धावलो. एक चप्पल वाटेत राहिली, दुसरी हातात आली. गाडी काही थांबली नाही. मागची पाटी मात्र नीट वाचता आली. उस्मानाबाद. म्हणजे ज्या जिल्ह्यातून आम्ही बाहेर पडलो होतो, आमची हजेरी पुन्हा तिकडंच निघाली होती.

चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, ती गाडी उद्या संध्याकाळी परत येईल. मी तिथंच पायरीवर बसलो.

"चला मावशी, माघारी जाऊ. हजेरी गेली."

"पट गेला," ती म्हणाली. "हजेरी कशानं जाईल? मी व्हते की रोज तितं."

दफ्तर एका जुन्या गोदामात भरलं होतं. अर्धी कपाटं अजून गोणपाटात बांधलेली. साहेब तरुण होते. मी घाम पुसत सगळी हकिकत सांगितली. त्यांनी एक कागद काढला.

"तुमच्या पहिल्या पंधरवड्याची नक्कल तेवढी आली आहे. बाकीच्या पटाशिवाय मजुरी कशी देऊ?"

"तुमी लिवा साहेब, मी सांगते," केवळाबाई म्हणाली आणि खाली मांडी घालून बसली.

साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी आधी नक्कल पुढ्यात घेतली. "बरं, पहिल्या चौदा दिवसांपासून सांगा."

"गंगम्मा. घट बसले तवापासून सलग नऊ दिस. दसऱ्याला न्हाई. मग दोन दिस ताप. मग दोन दिस आली. नीलाबाई. म्हैस व्याली त्या दिशी खाडा, बाकी समदे दिस. लक्ष्मम्मा..."

साहेबांचं बोट नकलेवर एकेक ओळ उतरत होतं. कुठं अडकत नव्हतं. शेजारच्या टेबलांवरचे लोक उठून येऊन उभे राहिले. कुणीतरी पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. मी त्याच बायांची नावं रोज पुकारत होतो, खुणा करत होतो. कुणाला ताप होता, कुणाची म्हैस व्याली, यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. बेचाळिसावं नाव झालं.

"बरोबर आहे," साहेब हळूच म्हणाले. "आता शेवटची ओळ. भीमाशंकर गुरुपादप्पा, हजेरी कारकून. चौदाही दिवस हजर."

केवळाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी जेवढं विनवता येतं तेवढं विनवलं.

"न्हाई साहेब. अकरा. दोन दिस उदगीरला शिनेमाला गेले, एक दिस सासुरवाडीला. आन एक दिस आले, पर दिसभर लिंबाखाली निजले. त्येवढं तुमी ठरवा."

साहेबांनी ठरवलं. लाल शाईनं. मग उरलेल्या दिवसांची हजेरी तिच्या तोंडून उतरवून घेतली, खाली तिचा अंगठा घेतला, आणि उद्याच मजुरी वाटायला माणूस पाठवतो म्हणाले.

परतीच्या एसटीत माझी मांडी रिकामी होती. शेवटी राहवलं नाही.

"मावशी, माझं कशाला सांगितलंत?"

"साहेबानं इचारलं की." ती बाहेरची वाळलेली रानं बघत पुढं म्हणाली, "तुमच्यापायी एक खोटं बोलले असते, तर बेचाळीस बायांचं खरं कोणी धरलं असतं?"

खिडकीतून धूळ येत होती, ती डोळ्यांत गेल्याचं मी निमित्त केलं.

शुक्रवारी मजुरी वाटली. ईश्वरप्पा वळकटी उचलून पुढच्या गावाला गेला. माझ्या हातात काय पडलं ते मी घरी सांगितलं नाही, तुम्हालाही सांगत नाही.

सोमवारी उजाडताच मी सगळ्यांच्या आधी कामावर जाऊन उभा राहिलो. बाया आल्या. केवळाबाईनं टोपली डोक्यावर घेतली, जाता जाता मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गंगम्माला म्हणाली, "आज कारकून हजर."