टीव्हीचा दुखवटा

आमच्या युसूफ वडगावात कुणाचा टीव्ही बंद पडला, की मेकॅनिकच्या आधी गुरूअप्पा हजर. खांद्यावर पंचा, चेहरा पडलेला. दारातूनच हळू आवाजात विचारायचे, "गेला का?" घरवाल्यानं मान हलवली की सुस्कारा टाकून टेकायचे. "आतलं द्या मग. जाळून काय उपेग?"

अप्पांचं कापडाचं दुकान. पण जीव अडकला होता शाळेनं भंगारात काढलेल्या कॉम्प्युटरमध्ये. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून चालायचा, तसला जुना. बीडला नव्या कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. अप्पा मात्र आष्टीच्या बाजारापासून नगरच्या भंगारवाल्यांपर्यंत ह्याचे पार्ट हुडकत फिरायचे. चहा अर्धा टाकून उठायचे.

"बसा हो अप्पा."

"बसून घावतंय का?"

चिप घेताना कापडासारखी दारात, उन्हाला नेऊन बघायचे. वायर हातानं मोजायचे. एकदा विचारलं, "रंग जाणार न्हाई ना?" भंगारवाला म्हणाला, "अप्पा, ये क्या लुगडा है?" कीबोर्डच्या तुटलेल्या बटणांच्या जागी त्यांनी शर्टाची बटणं चिकटवली होती. पांढरी, चार भोकांची.

शेवटी यंत्र चालू झालं, पण चित्र काळंपांढरं. रंगीत टीव्हीत असतो तसला क्रिस्टल नावाचा एक बारीक पार्ट हवा होता. गावातले रंगीत टीव्ही मोजके, आणि सगळे ठणठणीत. पंचमीला तर अप्पांची लेक सुमी माहेरी यायची होती.

"रंगीतच कशाला पाह्यजे?" मी विचारलं.

"सुमीनं शाळेत त्याच्यावर इंद्रधनुष्य काढलतं, मास्तर. त्याची कॅसेट हाय अजून. 'अप्पा, बघाया या' म्हणली. मी गेलोच न्हाई. दुकानात गिऱ्हाईक होतं."

माझ्या वर्गात त्या यंत्राला हात लावायची हिंमत एकट्या सुमीची. आणि दहावीच्या आधी तिला स्थळ आणलं ते मी. घर चांगलं, मुलगा चांगला, शाळा सुटली. अप्पांनी कधी बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी निरोप धाडला: आमचा रंगीत टीव्ही गेला.

अप्पा आले. पंचा, पडलेला चेहरा.

"गेला का?"

मी मान हलवली. त्यांनी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवला. हात तिथंच राहिला.

"मास्तर, ह्याच्या अंगात ऊब हाय की अजून."

"असू द्या. उघडा."

त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. भर दुपारी, खिडकीच्या उजेडात, त्यांना एकही स्क्रू दिसेना.

पहिला मीच काढला.