वडील राहतात सोबत

सिंकखालचा पाइप थेंबथेंब गळत होता, तोवर सगळं ठीक होतं. चिरंजीवांनी तो स्वतः आवळायचं ठरवलं आणि पाइप हातात आला.

चिरंजीवांचं वय चोवीस. नोकरी लागली, दाढी नीट येऊ लागली, घर सोडून वेगळी खोली घेतली, तरी मोठं झाल्यासारखं काही केल्या वाटेना. बाकीच्यांना ते नेमकं कधी वाटतं, हे विचारायचं कुणाला, तेही ठाऊक नव्हतं. त्यातून खोली मिळवली होती थाप मारून. खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई एकट्या पोरांना जागा देत नसत. "वडील राहतात सोबत," असं चिरंजीवांनी ठोकून दिलं होतं. "कामावरून फार उशिरा येतात."

आता स्वयंपाकघरात पाणीच पाणी झालं. चिरंजीवांनी आधी बाबांना फोन लावला, मग प्लंबरला. प्लंबर गल्लीतलाच, म्हणून आधी पोचला. पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा माणूस. दोन मिनिटांत तो नखशिखांत भिजला, शर्ट काढून खुर्चीवर वाळत टाकला आणि बनियनवरच विचारू लागला, "मेन कॉक कुठाय?"

"कॉक म्हणजे?"

प्लंबरने उसासा टाकला आणि तो स्वतःच शोधून बंद केला. एवढ्यात मालकीणबाई वर आल्या. त्यांच्या ओट्यावर छतातून धार लागली होती.

"काय चाललंय काय हे?" म्हणता म्हणता त्यांची नजर बनियनवरच्या माणसाकडे गेली. "अच्छा! तुम्हीच का ह्याचे वडील? दिसलात एकदाचे!"

चिरंजीवांनी बाईंच्या पाठीमागून प्लंबरला हात जोडले. प्लंबरने मिशीवरून हात फिरवला.

"हो. मीच."

मग बाईंनी त्याला फैलावर घेतलं. त्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि सावकाश चिरंजीवांकडे वळला. "एवढा घोडा झालास, कॉक माहीत नाही? पाइप असा आवळतात? कोणी सांगितलं होतं हात लावायला?" भूमिका त्याला भलतीच मानवली होती. बाईंचा राग निवळला. असा कडक बाप घरात असला की काळजी नसते, असं त्या म्हणाल्यासुद्धा.

तेवढ्यात धापा टाकत दारात बाबा उभे राहिले. हातात आईने निघताना कोंबलेला पाना.

"कोण तुम्ही?" बाईंनी विचारलं.

आतून प्लंबर गरजत होता, "माझ्या पोटी जन्माला येऊन तू…" बाबा चपापले. बाईंच्या मागे त्यांचा मुलगा जिवाच्या आकांताने खुणा करत होता. बाबांनी हातातल्या पान्याकडे पाहिलं.

"मी… प्लंबर."

"मग आधी खाली चला. माझ्या बाथरूमचा नळही गळतोय." आणि बाई त्यांना घेऊन गेल्यासुद्धा.

"वडलांना येतं का हो काही?" प्लंबरने हळूच विचारलं.

"म्हणजे काय! बाबांना सगळं येतं."

खालून बाईंची किंकाळी ऐकू आली. दोघं धावत सुटले. बाथरूममध्ये बाबा कारंज्यात उभे होते, एका हातात पाना, दुसऱ्या हातात अख्खा नळ. प्लंबरने सवयीने झेप घेऊन कॉक बंद केला. बाई एकदा त्याच्याकडे बघत होत्या, एकदा बाबांकडे.

चिरंजीवांनी मनात हिशेब केला. खरं बोललं की खोली जाणार. पण बाबांच्या टकलावरून पाणी निथळत होतं आणि बाईंनी त्यांना झापायला तोंड उघडलं होतं. ते काही चिरंजीवांना बघवेना.

"काकू, मी खोटं बोललो. हे प्लंबर आहेत. माझे बाबा ते. वर मी एकटाच राहतो."

बाईंनी आधी चिरंजीवांकडे रोखून पाहिलं. मग बाबांना म्हणाल्या, "अहो, येत नव्हतं तर तसं सांगायचं!"

"ह्याच्यासमोर?" बाबा चष्मा पुसत म्हणाले. "हा लहानपणापासून समजतो, मला सगळं येतं. घरचे नळ ह्याची आई दुरुस्त करते. मी बॅटरी धरतो."

चिरंजीवांना हसू आवरेना. इतकं हलकं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

बाईंनी पदर पिळला. "राहा तू वर," त्या चिरंजीवांना म्हणाल्या. "पण एकट्यानेच राहायचं. वडलांना ठेवून घेतलंस तर जागा खाली करावी लागेल."